पंधरा मिनिटांच्या पुढचं सगळं फुकट

काल दुपारी ४ ला भिवंडीत या गोडाऊनच्या गेटवर गाडी लावली. नंबर मिळाला ३७. आता रात्रीचे २ वाजलेत आणि पुढे अजून ६ गाड्या आहेत. लाइन वीस-वीस मिनिटांनी एक गाडीभर सरकते, त्यामुळे झोपायची सोय नाही. डोळा लागला आणि गाडी पुढे घेतली नाही की मागचा कट मारून आत घुसतो, आणि वॉचमन म्हणतो, "नंबर गेला, मागं जा." संडास आत आहे, पण ड्रायव्हरला आत सोडत नाहीत. यांचा १६ टन माल माझ्या भरवशावर ६०० किलोमीटर पाठवणार, आणि संडासाच्या दाराशी मात्र मी चोर.

रील बघून बघून डोकं उठलं, म्हणून आज चक्क कायदा वाचला. भाचा वकिली शिकतोय, त्याने पाठवला. "मामा, हा तुमच्यासाठीच आहे," म्हणाला. मोटार ट्रान्सपोर्ट कामगार कायदा, १९६१. दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८. सलग ५ तासांच्या वर काम नाही, मग अर्धा तास तरी विश्रांती. आजचं काम संपून उद्याचं सुरू होईपर्यंत सलग ९ तास मोकळे. जादा कामाला दुप्पट पगार.

आधी हसलो, मग तोंडात शिवी आली. माझा बाप गाडी चालवायला लागायच्या आधीपासून हे लिहून ठेवलंय, आणि त्याने आयुष्यात सलग ९ तास झोप काढली ती फक्त टायफॉइड झाला तेव्हा.

पुढे सवलती. लांबचा रूट असेल किंवा सणासुदीचे दिवस असतील तर परवानगीने १० तास, आठवड्याला ५४. गाडी बिघडली, रस्ता तुंबला, आभाळ फाटलं तर त्याच्याही वर. आता मला सांगा, मुंबई-बंगळूर रस्त्यावर यातलं एकही कारण नाही असा दिवस कुठला? खंबाटकीत एक कंटेनर आडवा झाला की खाली सुरूरपर्यंत रांग. शिवाय हा कायदा पाच किंवा जास्त कामगार असतील तिथेच. आमच्या शेठच्या गाड्या तीन. म्हणजे मी कामगारसुद्धा नाही! भाचा म्हणतो तसं नाही, मोटार वाहन कायद्याच्या ९१ कलमाने हेच तास माल वाहणाऱ्या गाडीवरच्या प्रत्येक ड्रायव्हरला लागू होतात. असतील बाबा. गेल्या बावीस वर्षांत रस्त्यावर मला पीयूसी विचारली, फिटनेस विचारलं, इन्शुरन्स, परमिट, ताडपत्री, रेडियमची पट्टी, सगळं विचारून झालं. झोपून किती तास झाले, हे एकाही माईच्या लालाने विचारलेलं नाही.

पण डोकं फिरलं ते दुसऱ्याच ओळीवर. "कामाचे तास" म्हणजे काय, ते सुरुवातीलाच सांगितलंय. गाडी चालते तो वेळ धरायचा, त्याला जोडून केलेलं काम धरायचं. आणि टर्मिनलवर नुसतं हजर राहणं? ते १५ मिनिटांपेक्षा कमी असेल तरच धरायचं.

तीनदा वाचलं. भाच्याला रात्री ११ ला उठवून विचारलं, मला बरोबर कळलंय ना? हो म्हणाला.

म्हणजे १४ मिनिटं थांबलो तर ते काम. दहा तास थांबलो तर तो आराम! दहा तास स्टिअरिंगला चिकटून, क्लच दाबत, मुठीत नंबरची चिठ्ठी आणि पोटात कळ धरून आराम. ज्याने हे लिहिलं त्याच्या डोळ्यासमोर एसटीचा स्टँड असेल, कंट्रोलरकडून वेळ घेऊन गाडी सुटायची वाट बघणारा ड्रायव्हर असेल. भिवंडीचं गेट नक्कीच नव्हतं. हा जुना कायदा आता २०२० च्या कामगार संहितेने पोटात घेतला म्हणे. इथल्या वॉचमनला दोन्ही सारखेच.

शेठचा हिशोबही तोच. गेटवरचे दहा तास त्याच्या वहीत नाहीतच. हॉल्टिंग, म्हणजे गाडी ताटकळल्याचे पैसे, माल पाठवणाऱ्या पार्टीकडून मिळालं तर मिळालं, आणि मिळालं तरी माझ्यापर्यंत येताना चहाच्या पैशाएवढं उरतं. ट्रिपचे पैसे किलोमीटरवर, म्हणून चाक फिरलं तरच पोट भरतं. जीपीएस लावलाय ना गाडीला. ढाब्यावर वीस मिनिटं जास्त थांबलो की लगेच फोन, "गाडी का थांबली?" आणि इथे दहा तास गाडी एकाच ठिपक्यावर उभी आहे, त्याचा फोन नाही. तो ठिपका त्याला दिसत नाही का?

मालाचं बघा. मालाबरोबर जीएसटीचा जो ऑनलाइन कागद लागतो, त्या ई-वे बिलाला २०० किलोमीटरमागे एक दिवस मिळतो. म्हणजे हुबळीपर्यंत या खोक्यांना सरकारने तीन दिवस दिलेत. मला शेठने दिलेत सोळा तास, तेही गेटमधून बाहेर पडल्यावर नाही, आत्तापासून. पुढचा जन्म मिळाला तर खोक्याचा मिळो.

पूर्वी नॅशनल परमिटच्या गाडीवर दोन ड्रायव्हर लागायचे. ड्रायव्हरच्या मागे दुसऱ्याला आडवं होता येईल असं सीट हवं, हेही नियमात होतं. एक चालवायचा, एक घोरायचा. २०१८ मध्ये ती अट काढली. खर्च वाचला म्हणे. कुणाचा वाचला? सीट अजून आहे, त्यावर जॅक आणि माझी भांडी झोपतात. क्लीनरसुद्धा गेला, आता रिव्हर्स घेताना मीच उतरून बघतो आणि मीच चढून घेतो.

२०२१ मध्ये गडकरीसाहेब बोलले होते की पायलटसारखे ट्रक ड्रायव्हरचेही तास ठरवले पाहिजेत, झोप ओळखणारे सेन्सर बसवले पाहिजेत. ऐकून बरं वाटलं होतं. ऑक्टोबर २०२५ पासून नव्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला, तेही चांगलंच केलं. पण साहेब, सेन्सर ओरडला तर गाडी लावायची कुठे? हायवेच्या कडेला लावली तर चलान, ढाब्यावर लावली तर डिझेलचोर, शहराच्या तोंडाशी नो एंट्री. अमेरिकेत ड्रायव्हरच्या केबिनमध्ये तास मोजणारं यंत्र असतं. कामाला लागल्यापासून १४ तासांच्या आत ११ तास चालवायचं, १४ संपले की चालवणं बंद. गेटवर ताटकळलेला वेळही त्या १४ मध्ये मोजतात. तिथलेही ड्रायव्हर त्याच्या नावाने बोटं मोडतात, पण निदान घड्याळ तरी आहे. इथे फास्टॅगवर माझ्या प्रत्येक टोलची वेळ सेकंदासकट आहे, एक्स्प्रेसवेचा कॅमेरा पाच किलोमीटरचा जादा स्पीड टिपून घरी चलान पाठवतो. वीस तास एकच माणूस चालवतोय, हे मात्र कुठल्याच मशीनला कळत नाही.

आणि पुण्यात नवले पुलाच्या उतारावर काही झालं की दुसऱ्या दिवशी पेपरात ठरलेली ओळ. "चालकाला डुलकी लागल्याचा प्राथमिक अंदाज." आदल्या रात्री तो कुठल्या गेटवर होता, ते एकदा तरी छापा की.

३६ नंबर आत गेला. पहाटेचे ३:४० झालेत. वॉचमन दरवाजावर काठी आपटतोय आणि शेठचा फोन आलाय, जवळजवळ बारा तासांतला पहिला.

"भरली का रे? संध्याकाळपर्यंत हुबळीला खाली करायचीय. आराम झाला असेल ना आता?"