विसण

पहाटे ५.४२ला उशाखालचा मोबाइल किणकिणला. पडद्यावर अक्षरं होती : 'न्हाणीघर – ठरवलेले तापमान गाठले.' जानेवारी महिना, बाहेर माझ्या नव्या सेन्सरच्या म्हणण्याप्रमाणे १७.३ अंश, आणि मी गोधडीतून बोटही बाहेर काढलेलं नसताना पंधरा लिटर पाणी ६० अंशांवर येऊन माझी वाट बघत होतं. पूर्वीच्या संस्थानिकांचा थाट याहून काय वेगळा असेल! पंचा खांद्यावर टाकून मी न्हाणीघराकडे निघालो, तर आतून तांब्याचा खळखळाट आणि 'गंगेच यमुने चैव'. आईची आंघोळ चालली होती. गिझर भिंतीवर लाल डोळा लावून बसला होता, त्याला कुणी विचारलंही नव्हतं. कोपऱ्यात बंब धडधडत होता आणि परसभर नारळाच्या सोडणांचा धूर.

"आई, अगं गिझर तापलाय की!"

"तापू दे. भांड्यांना होईल."

आमचं घर दापोली तालुक्यात, आंजर्ल्याच्या अलीकडे. जांभ्याच्या भिंती, वर कौलं, मागे नारळी-पोफळीचं आगर आणि त्यामागे थेट समुद्र. वर दापोलीला बऱ्यापैकी थंडी पडते, 'मिनी महाबळेश्वर' म्हणून पेपरात फोटोही येतात. खाली आमच्याकडे मात्र समुद्र रात्रभर ऊब सोडत राहतो, त्यामुळे थंडी येते ती पाहुण्यासारखी, चहा घेऊन निघून जाते. तिची वाट आम्ही बघतो ती हापूसच्या मोहोरासाठी. आमच्या अंगाला ती नको असते. घर तापवायचं म्हणाल तर त्या कामाला वैशाख आहे आणि तो काही पैसे मागत नाही.

अशा घरात थर्मोस्टॅट शिरला त्याला कारण आमचा निखिल. तो राहतो जर्मनीत, श्टुटगार्टला. २०२३च्या जानेवारीत आम्ही दोघं त्याच्याकडे गेलो होतो. रशियाकडून गॅस येईनासा झाल्यामुळे तिकडे सगळे काटकसरीत. सरकारी कचेऱ्यांत १९ अंशांच्या वर हीटर चालवायचा नाही असा फतवा निघालेला. निखिलच्या घरी प्रत्येक खोलीत खिडकीखाली एक पांढरा रेडिएटर, त्यातून गरम पाणी फिरतं. तो कमीजास्त करायला बाजूला फिरवायचा कान; जुन्या पद्धतीच्या कानावर १ ते ५ आकडे असतात; ३ म्हणजे साधारण २० अंश. आणि सगळ्यात खाली बर्फाच्या चांदणीचं चित्र. तिथे ठेवलं की हीटर जवळजवळ बंद, पण खोली सहाएक अंशांखाली जायला लागली तर आपणहून थोडा उघडतो, का, तर नळीतलं पाणी गोठून नळी फुटू नये. नळी गोठून फुटते हे ऐकून मला त्या नळीची फार दया आली. आमच्या नळाला उन्हाळ्यात पाणीच नसतं, त्यामुळे ही चिंता उद्भवत नाही.

निखिलने ते जुने कान काढून मोबाइलवर चालणारे बसवले होते. मला त्याची कल्पना नव्हती. सकाळी तो कामावर गेला आणि मी, सवयीने, उठल्याउठल्या खिडकी उघडली. दोन मिनिटांत फोन. "बाबा, बेडरूमची खिडकी उघडलीत?" मी चपापून मागे पाहिलं, भिंतीवर पाहिलं, छताला पाहिलं. मग कळलं, की खोलीचं तापमान धाडकन उतरलं की तो कान समजतो खिडकी उघडली, गॅस वाया जायला नको म्हणून हीटर बंद करतो आणि वर चुगलीही करतो. आयुष्यभर सासुरवास म्हणजे काय ते फक्त ऐकून होतो.

गेल्या डिसेंबरात तो तीन आठवडे घरी आला. पहिले दोन दिवस मासे खाण्यात गेले. तिसऱ्या दिवशी त्याने बॅगेतून पत्त्याच्या पानाएवढा एक हिरवा तुकडा काढला. "हा रास्पबेरी पाय."

"पाय कुणाचा?" आईने विचारलं.

तो पाय म्हणजे एक छोटासा कॉम्प्युटर आणि त्यात घरातली यंत्रं चालवणारं होम असिस्टंट नावाचं सॉफ्टवेअर होतं. फुकट आहे, कुणा कंपनीच्या दारात जावं लागत नाही, सगळा हिशेब आपल्याच घरातल्या डबीत राहतो, असं निखिलने समजावलं. त्याची रचना म्हणजे नियम : अमुक झालं, तमुक अट पुरी असली, तर असं कर. पाच वीस झाले, घरात माणसं आहेत, तर गिझर लाव. आमच्या घरात हे काम आजवर आई करत होती आणि तिच्या नियमांना अटी नव्हत्या.

आता गिझरला आकडा द्यायचा होता.

"आजी, तुला आंघोळीला पाणी किती अंश लागतं?"

"बेताचं."

"बेताचं म्हणजे?"

"हात घातला की कळतं."

निखिल इंजिनिअर असल्यामुळे खचला नाही. वायरच्या टोकाला बसवलेला एक सेन्सर त्याने आजीच्या बादलीत सोडला. "हे काय," आई म्हणाली, "पाण्याला ताप आलाय का?" पहिल्या दिवशी आकडा आला ४१. दुसऱ्या दिवशी ३८, कारण आदल्या रात्री उकडत होतं. तिसऱ्या दिवशी ४४, कारण गुडघा धरला होता. चौथ्या दिवशी ४० आणि कारण विचारल्यावर, "आज घाई होती." निखिलने सरासरी काढून ४१ लिहून ठेवलं. मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, की अरे, तुझी आजी कुठल्याही सरासरी दिवशी आंघोळ करत नाही.

मुळात आईचं म्हणणं निराळंच. पाणी कसं, कढत हवं. मग ज्याचं त्याने त्यात गार पाण्याचं विसण घालावं. आजोबांना विसण चिमूटभर लागायचं, मला अर्धी बादली, माझ्या धाकट्या बहिणीच्या पाण्यात तर विसणात कढत घातलंय की काय अशी शंका यायची. लहान बाळाचं पाणी कोपर बुडवून बघायचं. न्हाणीघरातून "विसण आणा रेऽ" अशी हाक आली की घरातलं सगळ्यात रिकामटेकडं पोर पिटाळलं जायचं. निखिलला मी विचारलं, की तुझ्या त्या सॉफ्टवेअरात विसणाला काय म्हणतात? त्याने बराच वेळ मेनू चाळला.

बंबाची तर आणखी मजा. तांब्याचं उभं पिंप, मधून धुराची नळी, खाली जाळ. वरच्या नरसाळ्यातून तांब्याभर गार पाणी ओतलं की ते तळाशी जातं आणि वरचं तांब्याभर कढत पाणी तोटीतून बाहेर पडतं. म्हणजे गार दिल्याशिवाय गरम मिळत नाही आणि बंब कधी रिकामा होत नाही. यात बॅटरी नाही, पासवर्ड नाही.

निखिलकडूनच मला कळलं, की विस्कॉन्सिनमधल्या वॉरन जॉन्सन नावाच्या प्राध्यापकाने १८८३ साली खोलीच्या विजेच्या थर्मोस्टॅटचं पेटंट घेतलं. भट्टी सांभाळणारा शिपाई वर्गात गारवा किती ते बघायला सारखा आत यायचा, शिकवण्यात व्यत्यय. म्हणून याने असं यंत्र केलं, की तापमान सरकलं की खाली भट्टीपाशी घंटा वाजावी. म्हणजे यंत्र फक्त हाक मारणार, कोळसा माणसानेच ढकलायचा. थोडक्यात, "विसण आणा रेऽ". आमच्याकडे घंटेचा खर्च नव्हता इतकंच.

असो. गिझरचा हिशेब निखिलने कागदावर मांडला. पंधरा लिटर पाणी, २५ वरून ६० वर, दोन किलोवॉटचा गिझर : अठरा मिनिटं. म्हणून पाच वीसला सुरू केलं की पाच अडतीसला तयार. पहिल्या दिवशी पाच अडतीसला पाणी कोमट. निखिलने सेन्सर बदलला, वायर बदलली, शेवटी दिनू वायरमनला बोलावलं. दिनूने टेस्टर खिशातून काढलासुद्धा नाही. "काका, सकाळच्याला सगल्यांचे पंप चालू असतात ना शिपन्याला. व्होल्टेज बघा."

बघितलं, १८०. वीज २३०ची असेल हे निखिलने गृहीत धरलेलं. व्होल्टेज कमी झालं की गिझरची ताकद त्याच्या वर्गाच्या प्रमाणात उतरते, त्यामुळे आमचा दोन किलोवॉटचा पैलवान सकाळी सव्वा किलोवॉटचा उरतो आणि अठरा मिनिटांची तीस होतात. गावातल्या समस्त पोफळींची तहान भागवून उरेल त्यात आम्ही आंघोळ करायची. निखिलने नियम बदलून पाच दहा केलं. त्याच रात्री वीज गेली, दोन वाजता आली आणि गिझर ज्यावर चालतो तो स्मार्ट सॉकेट, वीज आल्यावर गप्प बसायचं असतं हे कुणी शिकवलं नसल्यामुळे, ताबडतोब चालू झाला. पहाटेपर्यंत गिझर एकटाच तापत होता. आईने मात्र सकाळी बंब पेटवला.

दुसरं प्रकरण एसीचं. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आईच्या खोलीत एसी बसवला. तो ती लावू देत नाही, कारण 'हाडात शिरतो'. निखिलने खोलीत एक सेन्सर लावला आणि नियम केला : खोली २९च्या वर गेली तर एसी सुरू, आणि सेन्सरला २६ दिसेपर्यंत एसीचा आकडा एकेक अंशाने खाली आणत राहायचं. कागदावर बिनतोड. पण भर डिसेंबरात रोज संध्याकाळी सात वाजून पाच मिनिटांनी रिकाम्या खोलीत एसी सुरू व्हायला लागला. आम्ही तीन दिवस घाबरून होतो. हिने तर दृष्ट काढली, एसीचीच. शेवटी निखिलने आलेख उघडला. रोज साताला खोली २६वर, सात पाचला एकदम ३४वर, साडेआठला परत खाली. रेष अशी की जणू रायगडाचा कडा.

"आजी, तो पांढरा सेन्सर कुठाय? खिळ्यावर लावला होता तो?"

"तो होय? हिरवा दिवा लुकलुकतो छान. देवघरात ठेवलाय, समईशेजारी."

सेन्सर पुन्हा खिळ्यावर गेला. निखिल जर्मनीला गेला. जाताना त्याने माझ्या मोबाइलवर आपलंही घर जोडून दिलं. आम्ही सुट्टीत बाहेर गेलो तर लक्ष ठेवा म्हणाला. मला ती जबाबदारी आवडली. रोज रात्री झोपण्याआधी मी श्टुटगार्टचं तापमान बघून घेत असे.

मागे राहिलो मी आणि यॅमल. त्या नियमांची भाषा ही. तिच्यात ओळीच्या सुरुवातीला किती जागा सोडली यावर अर्थ ठरतो. दोन स्पेसच्या जागी एक पडली की सगळे नियम बेमुदत संपावर. व्हिडिओ कॉलवर निखिल ओरडायचा, "बाबा, दोन स्पेस!" आणि मी चष्मा कपाळावर ढकलून पडद्याला नाक लावायचो. लहानपणी आजी सोवळ्यात असताना आम्ही माजघरातून असेच चालायचो, एक पाऊल इकडे पडलं की सगळं पुन्हा धुवायचं.

मार्च उजाडला. शिमग्याच्या दिवसांत हवा पालटली. आमच्याकडे उकाड्याचा आकडा फारसा वाढत नाही, दमटपणा वाढतो. सेन्सर म्हणतो २९, माणूस म्हणतो गदमदतंय, आणि दोघंही खरं बोलत असतात. एका रात्री तीन वाजता मला जाग आली. आईच्या खोलीतून एसीची घरघर. डोकावलो तर आई गोधडी, त्यावर शाल, त्यावर माझा जुना रेनकोट अशा थरांखाली, फक्त नाक बाहेर. एसीवर आकडा १८. देवघराकडे पाहिलं. पालखी येऊन गेल्यापासून आईने रात्रभर नंदादीप ठेवला होता आणि त्याच्या कुशीत, आपल्या जागी, तो पांढरा सेन्सर हिरवा डोळा मिचकावत बसला होता. नंदादीप विझेपर्यंत त्याला २६ दिसणार नव्हते आणि नंदादीप विझणार नव्हता.

झोपेतच मोबाइल उघडला. 'बेडरूम' दिसली. नेम धरून आकडा २८ केला. तरी घरघर थांबेना, म्हणून भिंतीवरचं बटण सरळ बंद करून टाकलं आणि येऊन झोपलो.

५.४०ला फोन वाजला. निखिल. तिकडे रात्रीचा एक वाजून दहा मिनिटं.

"बाबा, तुम्ही काही केलंत का?"

"मी? छे. आजीची खोली जरा २८वर घेतली, गारठली होती रे बिचारी."

पलीकडे शांतता. मागून सूनबाई जर्मनमध्ये काहीतरी पुटपुटली. त्याचा अर्थ मला कळला नाही, सूर कळला.

"बाबा, ती आमची बेडरूम आहे."

एवढ्यात आई न्हाणीघरातून आली, केसांतून पाणी ठिबकत होतं, अंगाला सोडणांच्या धुराचा वास. "निखिल का? इतक्या रात्रीचा जागा? बरं नाही का त्याला?"

मी थोडक्यात सांगितलं, की माझ्यामुळे त्याची खोली फार तापलीय आणि पोरं घामाने निथळतायत.

"मग एवढं काय त्यात," आई म्हणाली आणि फोन हातात घेतला. "निखिल, अरे, विसण घाल थोडं. खिडकी उघड."

पलीकडे कडी सरकल्याचा आवाज आला. आणि दोन मिनिटांनी माझ्या मोबाइलवर अक्षरं उमटली : 'बेडरूम – खिडकी उघडी आहे.'