‘एज ऑफ द ट्रीज’: खांब उभारून जमीन परत मिळते का?

नमस्कार. प्रतिक्रिया सविस्तर लिहिलीत आणि हातचं न राखता लिहिलीत, बरं केलंत. म्युझियम ऑफ सिडनीच्या अंगणातल्या ‘एज ऑफ द ट्रीज’ (म्हणजे ‘झाडांची कड’) या शिल्पाचं मी आधीच्या लेखात कौतुक केलं, ते तुम्हाला खटकलं. तुमचं म्हणणं असं: गोऱ्यांनी मूळ रहिवाशांची जमीन बळकावली ती बळकावलीच, बदल्यात २९ खांब रोवून हात झटकले. शिवाय ॲबोरिजिनल, म्हणजे मूळ रहिवासी, कलावंत आणली तीही क्वीन्सलँडची. यापेक्षा काही नसतं तरी चाललं असतं.

जमिनीबद्दल मी वाद घालणार नाही. ‘ही भूमी कुणाचीच नव्हती’ हे थोतांड ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च कोर्टाच्या १९९२च्या माबो निकालाने मोडीत काढलं खरं, पण जी जमीन एकदा फ्रीहोल्ड, म्हणजे पूर्ण खासगी मालकीची, झाली तिच्यावर मूळ हक्क उरत नाही. म्हणजे सिडनीच्या भर वस्तीत त्या निकालाचा उपयोग जवळपास शून्य. (तुमचं-माझं घरही अशाच जमिनीवर आहे.) त्यामानाने न्यू साउथ वेल्स राज्याचा १९८३चा ॲबोरिजिनल जमीनहक्क कायदा कामाचा. वापरात नसलेल्या सरकारी जमिनीवर त्याखाली दावा लावता येतो, आणि १५ वर्षं राज्याच्या जमीनकरातला साडेसात टक्के वाटा भरपाई म्हणून बाजूला काढला गेला. पुढे २०२३च्या सार्वमतात काय झालं ते आपण पाहिलंच. मागणी काय, तर संसदेला सल्ला देणारं मूळ रहिवाशांचं एक मंडळ. तेही साठ टक्के मतदारांनी नाकारलं. तेव्हा शिल्पाने हिशेब चुकता झाला असं मी म्हणत नाही, आधीच्या लेखातही म्हटलं नव्हतं.

पण ‘हात झटकले’ हे काही पटत नाही. शिल्प कुठे उभं आहे ते बघा. १७८८ साली इथल्या ब्रिटिश वसाहतीचा पहिला गव्हर्नर फिलिप याने बांधायला घेतलेलं पहिलं सरकारी निवासस्थान इथलंच. १९८३मध्ये खोदकामात त्याचा पाया सापडला. अराबानू नावाच्या ॲबोरिजिनल माणसाला मॅन्लीहून पकडून आणून फिलिपने ताब्यात ठेवलं होतं. उद्देश म्हणे इथल्या लोकांची भाषा आणि चालीरीती समजून घेण्याचा! १७८९मध्ये देवीची साथ आली. आसपासची निम्मी माणसं गेली असं खुद्द फिलिपने लिहून ठेवलंय. अराबानू आजारी लोकांची सेवा करत राहिला आणि मे महिन्यात तोही गेला. त्याला गव्हर्नरच्या बागेत पुरलं. शोभेची वस्तू ठेवायची तर याहून सोयीच्या शंभर जागा होत्या.

आणि खांब नीट पाहिलेत का? २९ हा आकडा सिडनीभोवतालच्या कुळांचा. काही खांब वालुकाश्माचे, काही पोलादाचे. लाकडी आहेत ते पाडलेल्या जुन्या कारखान्यांमधून काढलेले. म्हणजे इथलं जंगल तोडून इमारती झाल्या, त्या पडल्या, आणि लाकूड पुन्हा उभं राहिलं. खांबांमध्ये काचेच्या छोट्या खिडक्या आहेत. आत शिंपले, राख, हाडं, केस. ब्रिटिश जहाजांच्या पहिल्या ताफ्यातून आलेल्या गोऱ्यांची नावं कोरलेली आहेत, झाडांची लॅटिन आणि मूळ भाषांतली नावं आहेत, आणि मधून चालताना कुजबुजल्यासारखे आवाज येतात. बाजूच्या ऑफिसांमधली मंडळी तिथेच सँडविच खात बसतात, बहुतेकांचं लक्षही नसतं. तो दोष शिल्पाचा नाही.

कलावंतांबद्दलचा मुद्दा मात्र वजनाचा आहे. शिल्प दोघींचं. फिओना फोली बाड्जाला समाजाची, क्वीन्सलँडच्या के’गारी बेटाकडची. जॅनेट लॉरेन्स सिडनीची, पण ॲबोरिजिनल नाही. गॅडिगल, म्हणजे सिडनीच्या या भागातल्या मूळ कुळाची, कलावंत त्यात असती तर मला जास्त आवडलं असतं. ऑपेरा हाऊस आहे त्या बेनेलाँग पॉइंटच्या वरच्या हिरवळीवर २०२२मध्ये उभं राहिलेलं ‘बारा’, म्हणजे इथल्या बायका शिंपल्यापासून घडवायच्या त्या गळाचं शिल्प, तेही क्वीन्सलँडच्याच जूडी वॉटसनचं. महापालिका आणि संग्रहालयांना हा प्रश्न विचारायलाच हवा. फक्त तो विचारताना फोलीचं काम परक्याचं ठरवू नका. तिच्याही लोकांची जमीन अशीच गेली.

आता ‘नसतं तरी चाललं असतं’बद्दल. तुम्हाला गणपतीच्या कार्यक्रमाआधी वाचतात ते भूमीच्या मूळ मालकांना वंदन करणारं वाक्य आठवत असेल. ते घाईत उरकलं जातं याची चीड मलाही येते. पण हे खांब तसे उरकता येत नाहीत, वाटेतच उभे आहेत. ते काढले तर त्या कोपऱ्यावर काय उरतं? रस्ता फिलिपच्या नावाचा, आणि मागचा ६४ मजली टॉवरही फिलिपच्याच नावाचा.