आमच्या गावची माणसं फेब्रुवारीत मोजू नका

२०११ च्या जनगणनेला आमच्या वाडीत शाळेतल्या बाई आल्या होत्या, मी रिकामाच होतो म्हणून वाट दाखवायला बरोबर फिरत होतो. शेजारच्या आजीला विचारलं घरात माणसं किती, तर म्हणाली सात. दोन मुलगे, दोन सुना, दोन नातवंडं नि ती. बाई म्हणाल्या, आजी, आत्ता इथे राहतात तेवढीच सांगा. आजीने ओटीवर झोपलेल्या बोक्याकडे बघितलं, म्हणाली, "मग लिव एक. नि यो बोका."

बाईंचं काय चुकलं नाही, नियमच तसा. त्या दिवसांत माणूस जिथे राहत असेल तिथला धरायचा, आणि मोजणी फेब्रुवारीत. आता रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या राजापूरकडच्या गावात फेब्रुवारी म्हणजे गणपती कधीच होऊन गेलेले, शिमगा यायचाय, मे महिना लांब, वर्षातलं सगळ्यात सुनं गाव. आजीची सहा माणसं नालासोपाऱ्याच्या खात्यावर गेली. आणि आंब्याच्या राखणीला आलेले नेपाळी नेमके तेव्हाच मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपटात असतात, ते आमच्या गावचे झाले! (त्यांच्याबद्दल तक्रार नाही हां, ते नसते तर बागा राखल्या असत्या कोणी.)

रत्नागिरी जिल्हा २००१ ला १६ लाख ९६ हजार होता, २०११ ला १६ लाख १५ हजार. सिंधुदुर्ग पण घटला. अख्खं राज्य वाढत होतं तेव्हाची गोष्ट ही. तरी दर महिला दिनाला कोणतरी पोस्ट टाकतंच की रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ बायका, राज्यात फक्त ९२९, बघा कोकण किती पुढारलेलं. अरे बाबांनो, त्याच जनगणनेत सहा वर्षांपर्यंतची पोरं बघा ना, तिथे हजार मुलग्यांमागे साडेनऊशे पण मुली नाहीत. मुलगे जास्त जन्मतात, मग मोठे होऊन जातात कुठे? विरार, डोंबिवली, दिवा. बायका जास्त नाहीत ओ, बापये गायब आहेत. गुरं, शेती, सासू, रेशन सगळं एकटीने ओढणाऱ्या बाईला ११२२ चं कौतुक सांगून बघा एकदा, काय ऐकवते ते.

आणि हा आकडा नुसता कागदावर राहत नाही ना. ग्रामपंचायतीचे सदस्य किती, निधी किती, सगळं त्यावरच. नळयोजनेत माणशी रोजचे ५५ लिटर धरतात, पण माणशी म्हणजे कुठली माणसं? आमच्या वाडीत बावीस घरं, तेरांना कुलूप, एरवी टाकी भरून वाहते. गणपतीत तीच बावीस घरं उघडतात, एकेका घरात पंधरा-पंधरा जण, मग दुसऱ्याच दिवशी सकाळी नऊला नळ फुसफुसतो नि सगळे विहिरीवर. ग्रामपंचायतीच्या इलेक्शनला मात्र हीच माणसं बरोबर सापडतात, ट्रॅव्हल्स भरभरून येतात.

माझं म्हणणं एवढंच, फेब्रुवारीत मोजताय तर मोजा, पण जी माणसं वर्षातून तीनदा येतात, घरपट्टी भरतात, पालखीला खांदा देतात, त्यांची कुठेतरी वेगळी नोंद ठेवा की.

२०२१ ची जनगणना राहिली ती राहिलीच, आता १ मार्च २०२७ धरून होणारे, म्हणजे परत फेब्रुवारी. आजी गेली मधल्या काळात. घराला कुलूप आहे, किल्ली आमच्याकडे असते. बोक्याचं खानदान अजून त्याच ओटीवर झोपतं.