पुराच्या पाण्यावर तरू

पाण्यावर तरंगणाऱ्या हरितगृहांबद्दल वाचत बसलो होतो आणि डोळ्यापुढं २०१९ चा ऑगस्ट उभा राहिला. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेलेली. आमचं मळीचं, म्हणजे नदीकाठचं गाळाचं रान कितीतरी दिवस पाण्याखाली. पाणी उतरल्यावर आबा तरूच्या, म्हणजे लावणीसाठी वाढवलेल्या रोपांच्या वाफ्यापाशी गेले, गाळात हात घालून वांग्याचं एक रोप उपटलं. मूळ काळं पडलेलं, बोट फिरवलं तर साल सुटून हातात आली. आबा बराच वेळ तिथंच उभे होते.

पुरानंतर रानाला वाफसा येतो, गाळानं जमीन लोण्यासारखी होते, पण लावायला तरूच नसतं. वांग्याचं तरू लागणीला यायला महिना-सव्वा महिना जातो. त्या साली आम्ही बाहेरून दुप्पट दरानं रोपं आणली. कृष्णाकाठची म्हणून दिली, आणि लागली भलतीच वांगी. सगळा हंगाम गेला.

म्हणून मला वाटतं, हा तरंगता प्रयोग सांगलीनं करायलाच हवा, पण आपल्या पद्धतीनं. इटलीत २०१४ साली प्लास्टिकच्या टाकाऊ बॅरलवर तरंगणारं लाकडी हरितगृह बांधलं, 'जेलिफिश बार्ज'. उन्हाच्या जोरावर ते खाऱ्या किंवा घाण पाण्यापासून दिवसाला दीडशे लिटरपर्यंत गोडं पाणी करतं आणि त्यावर भाजी पिकते. जागा ७० चौरस मीटर, म्हणजे पाऊण गुंठासुद्धा नाही. समुद्राकाठच्या मोठ्या शहरांना ते उपयोगी पडेल. आपलं दुखणं मात्र तरूचं आहे, आणि त्याचं औषध बांगलादेशातल्या शेतकऱ्यांकडं आहे.

गोपालगंज, पिरोजपूर भागात पावसाळाभर रानं पाण्यात असतात. तिथले शेतकरी जलपर्णी थरावर थर रचून, तुडवून लांबलचक वाफा करतात आणि त्यावर भाजीची रोपं वाढवतात. पाणी चढलं की वाफा चढतो, उतरलं की उतरतो. हंगाम संपला की तोच वाफा कुजून रानाला खत होतो. जागतिक अन्न व कृषी संघटनेनं २०१५ साली या शेतीला वारसा म्हणून मान्यता दिली. जलपर्णी आपल्याकडं काय कमी आहे? आपण ती पैसे देऊन काढतो आणि काठावर वाळवत टाकतो.

फक्त हे नदीच्या धारेत नको. पुराची कृष्णा वाफाच काय, झाडं उपटून नेते. गावतळं, पाझर तलाव, पाणी साठलेली जुनी खाण, असं थांबलेलं पाणी हवं. आणि सांडपाण्यावर पोसलेली जलपर्णी जड धातू शोषून घेते, त्यामुळं ती घ्यायचीच नाही. स्वच्छ तळ्यातलीच घ्यायची, आणि वाफ्यावर खायची पालेभाजी न पिकवता आधी फक्त तरू टाकायचं.

एखाद्या ग्रामपंचायतीनं किंवा कृषी विभागानं यंदा एक गुंठा तरी करून बघावं, खर्च फार नाही. आम्ही करणारच आहोत. आबांनी घरचं वांग्याचं बी राखेत घालून बरणीत ठेवलंय. मे महिन्यात गावाबाहेरच्या खाणीत पहिला वाफा बांधायचा. ज्यांचं रान पुरात जातं त्यांनी बघायला या, दोन हात लावायलाही या.