किल्ल्याला हात लावू नये म्हणे!

आज सकाळी कचरा द्यायला खाली गेले, तर लिफ्टशेजारी नवी नोटीस. "सोसायटीच्या आवारात माती, विटा, दगड वापरून किल्ला करण्यास सक्त मनाई आहे. कमिटीतर्फे लॉबीत तयार किल्ला ठेवण्यात येईल. लहान मुलांनी किल्ल्याला हात लावू नये." खाली सही, शिक्का, शुभेच्छा आणि पणतीचं चित्र.

पुण्यात. दिवाळीत. किल्ल्याला मनाई. का, तर नवे पेव्हर ब्लॉक बसवलेत आणि मातीचे डाग पडतात! अहो, मग ब्लॉकांनाच उटणं लावा आणि पहिल्या अंघोळीला बसवा त्यांना.

चकल्यांची भाजणी दळून आणायची होती, ते सोडून मी हे टाइप करत बसले आहे, यावरून समजा.

जुन्या लोकांना आमचा राजगड आठवत असेल. बी विंगच्या मागचा. माझा मुलगा तेव्हा पाचवीत. सहामाहीचा शेवटचा पेपर झाला, दप्तरं घरात भिरकावली आणि सगळी गँग खाली. आमचे आप्पा, म्हणजे माझे सासरे, निवृत्तीनंतर गॅलरीतून खाली उतरायलाच तयार नसायचे. पोरांनी मातीचा एक उंच ढीग केला आणि त्याला राजगड म्हणायला लागली. वरून हे ऐकलं आणि आप्पांचं डोकंच फिरलं. "तीन माच्या कुठायत? पद्मावती, सुवेळा, संजीवनी! बालेकिल्ला मध्ये येतो, मध्ये!" असं ओरडत ते काठी घेऊन जे खाली उतरले, ते भाऊबीजेपर्यंत जेवायला आणि झोपायला तेवढे वर यायचे.

मी इकडे चकल्या तळतेय आणि खालून हाका. काकू, बादली! काकू, गोणपाट! काकू, आप्पा म्हणतायत चहा!

ज्यांनी कधी किल्ला केला नाही (आणि बहुतेक तेच कमिटीवर निवडून येतात) त्यांच्यासाठी सांगते. आधी विटा-दगडांचा सांगाडा. त्यावर मातीच्या पातळ काल्यात बुडवलेलं गोणपाट, चुण्या पाडून. त्या चुण्यांचेच कडे होतात. वरून चाळलेली माती. मग सपाटीवर मोहरी आणि उतारावर हळीव, कारण हळीव भिजले की चिकट होतात, घरंगळत नाहीत. हे सगळं वसुबारसेच्या आधी उरकायचं, म्हणजे नरकचतुर्दशीला गड हिरवा. आता सांगा, यातलं काय शिकवणार तो लॉबीतला किल्ला? पीओपीचा, वर हिरवा भुसा चिकटवलेला, पायथ्याशी स्टिकर. माचीही तीच, बुरूजही तोच, फक्त नाव बदलायचं. गेल्या वर्षी रस्त्याच्या कडेला बघितलाय मी, प्रतापगड म्हणून विकत होते आणि शेजारी अगदी तस्साच सिंहगड.

आणि वर हात लावू नये! मग करायचं काय त्याचं? लांबून नमस्कार?

आप्पांचं आणि पोरांचं खरं भांडण सिंहासनावरून झालं होतं. पोरांकडे महाराजांची एकच मूर्ती, ती सिंहासनावर बसलेली. आप्पा म्हणाले, राज्याभिषेक १६७४ ला, रायगडावर. राजगडावर सिंहासन बसवू देणार नाही. आमचे चिरंजीव रडले. शेवटी शेजारच्या विंगमधल्या एका मुलीने तोडगा काढला. मूर्तीच्या मागे पाटी लावली, "पुढे होणार आहे." आप्पा इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्या गडावर दरवाजापेक्षा उंच मावळे होते, प्लास्टिकचा वाघ होता आणि पद्मावती माचीवर एक हेलिकॉप्टर उभं होतं. हेलिकॉप्टरला मात्र आप्पांनी हरकत घेतली नाही, ते का, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

त्यात आमचा बंड्या. सोसायटीचाच कुत्रा, पण जेवायला आमच्याकडे. ओली गार माती बघून स्वारी खूश. रोज रात्री संजीवनी माचीवर जाऊन झोपायचा आणि सकाळी माची सपाट. पोरांनी आधी आरडाओरडा केला, मग त्याला किल्लेदार नेमून टाकला. माचीच थोडी रुंद बांधली. दरवर्षी शेवटी किल्ल्यात सुतळी बॉम्ब लावून तो उडवायची या पोरांना भारी हौस. त्या वर्षी मात्र कुणी बॉम्बचं नावसुद्धा काढलं नाही, कारण किल्लेदार घाबरतो. फटाक्यांवर एकही भाषण न देता. आमच्या ग्रुपवर दर दिवाळीला त्यावरून जी हाणामारी चालते, ती चालवणाऱ्यांनी हे जरा वाचावं.

बरं, मान्य. पावसाची सर आली की माती चेंबरमध्ये जाते, आणि झाडणाऱ्या मावशींचं काम वाढतं. खरं आहे. मग खाली जाड प्लास्टिक अंथरायला सांगा, आवरायचं काम पोरांवर टाका, मावशींना फराळाबरोबर चार पैसे जास्त द्या. त्यासाठी बंदी कशाला? लग्नाच्या मांडवासाठी याच ब्लॉकांना भोकं पाडलीत, तेव्हा नोटीस कुठे होती?

राग येण्याचं आणखी एक कारण आहे. २०२५ च्या जुलैत युनेस्कोने आपल्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हटलं. ११ महाराष्ट्रातले, एक तमिळनाडूतला जिंजी. राजगड आहे त्यात. तेव्हा याच कमिटीने ग्रुपवर भगवे झेंडे, ढोल, "गर्व आहे" वगैरे वगैरे. सेक्रेटरीसाहेबांच्या डीपीवर अजून रायगड आहे! फोटोतला गड चालतो. बी विंगच्या मागे पोरांच्या नखांत माती गेलेली चालत नाही. आणि हीच मंडळी संध्याकाळी बाकावर बसून म्हणणार, काय हो, हल्लीची मुलं मोबाईलच सोडत नाहीत.

टाइप करता करता जरा शांत झाले आहे. (चहा घेतला.) सेक्रेटरी वाईट माणूस नाही. पाणी तुंबलं की रात्री एकला पंपाशी तेच उभे असतात. त्यांच्या नातवाला मी परवाच खाली एकटा बसलेला बघितला, काडीने कुंडीतली माती उकरत होता. पाच वर्षांचा असेल. त्याला कुणी सांगितलं असेल किल्ल्याबद्दल? आजोबांनी तर नाहीच.

आमच्याकडे किल्ला तुळशीच्या लग्नापर्यंत ठेवायचे. मग गोणपाट सोडवायचं, विटा परत माळीकाकांकडे, आणि माती कुंड्यांत. राजगडाच्या मातीत त्या साली शेवंती अशी काही आली की विचारू नका. आप्पा येईल त्या पाहुण्याला सांगायचे, ही सुवेळा माचीवरची. आप्पा गेले, बंड्याही गेला, चिरंजीव आता बंगळुरात असतात आणि दिवाळीला दोनच दिवस येतात. त्याला नोटिशीचा फोटो पाठवला. उत्तर आलं, "मूर्ती माळ्यावर निळ्या डब्यात आहे. पाटी पण."

तर मी ठरवलंय. माळीकाकांशी बोलणं झालं आहे, लाल माती शनिवारी सकाळी येईल. जागा तीच, बी विंगच्या मागे. तिथे पेव्हर ब्लॉक नाहीत, त्यामुळे नोटीस दाखवायला कुणी आलंच तर आधी खाली बघावं. या वर्षी कुठला गड करायचा ते मुलं ठरवतील. सेक्रेटरींच्या नातवाला मी स्वतः बोलवायला जाणार आहे, बघू काय म्हणतात ते.

कुणाकडे जुनी गोणपाटं असतील तर शुक्रवारी रात्रीपर्यंत आमच्या दाराशी ठेवा. तागाचीच हवीत. तांदळाची प्लास्टिकची पोती आणू नका, त्यावर काला ठरत नाही.