गाडी लेहमध्येच राहू दे

आमच्या घरच्या ग्रुपवर महिनाभर एकच विषय चालू आहे: लडाख. दादा-वहिनी आणि त्यांच्या सोसायटीतली आणखी दोन कुटुंबं जूनमध्ये तिथल्या पँगाँग तळ्यावर जायचं म्हणतायत. घोडबंदर रोडवरून गाडी काढून थेट लेह गाठायचं तर अडीच हजार किलोमीटरच्या आसपास रस्ता आहे. जाऊन-येऊन दहा-बारा दिवस नुसते चाकांवर. एवढी रजा कुणालाच नाही. म्हणून चंदीगडपर्यंत विमान आणि तिथून सेल्फ-ड्राइव्हच्या दोन गाड्या भाड्याने, असं ठरलं. मग कळलं की बाहेरून भाड्याने आणलेली गाडी लेहपर्यंत नेता येते, पण तिथून पुढे पँगाँगला किंवा नुब्रा खोऱ्यात स्थानिक टॅक्सी युनियन ती जाऊ देत नाही. तिथे त्यांचीच टॅक्सी करायची.

दादा भडकला, आणि त्याचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. त्याने लिहिलं, "रस्ता आपल्या करातून बांधलाय, गाडीचं भाडं मी भरतोय, लायसन्स माझं आहे. मग मला अडवणारे हे कोण?" आतेभावाने युनियनच्या नियमाला 'उघड दादागिरी' म्हटलं. काकांनी मला टॅग करून विचारलं, "काय गं, तुमच्या कॅनडात चालेल का असं?"

चालतं, काका. गेल्या उन्हाळ्यात आई-बाबांना घेऊन मी ज्या तळ्यावर गेले, तिथे माझी स्वतःची, माझ्या नावावरची गाडीसुद्धा चालत नाही. ग्रुपवर दोन ओळीत हे नीट सांगता येईना, म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

आधी पँगाँगबद्दल. २०२३ च्या ऑगस्टमध्ये मी सुट्टीवर आले होते, तेव्हा आम्ही विमानाने लेहला गेलो आणि तिथून टॅक्सी केली. ठाणे समुद्रसपाटीला, लेह साडेतीन हजार मीटरवर. पहिले दोन दिवस आम्ही हॉटेलच्या अंगणात जर्दाळूच्या झाडाखाली बसून काढले आणि तरी जिना चढताना धाप लागत होती. तिसऱ्या दिवशी चांग ला ही खिंड ओलांडली, ५,३०० मीटरच्या वर. वहिनीचं डोकं ठणकत होतं. दादाला बर्फात फोटो काढायचे होते. ड्रायव्हरने घड्याळाकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाला, "दस मिनट, उससे ज़्यादा नहीं." दहाव्या मिनिटाला त्याने गाडी सुरू केली. खाली उतरल्यावर वहिनीला दोन तासांत बरं वाटलं. स्टिअरिंग आमच्या हातात असतं, तर आम्ही वर अर्धा तास थांबलो असतो हे मला पक्कं माहीत आहे.

आणि मग ते पाणी. १३४ किलोमीटर लांब, ४,२५० मीटर उंचीवर, म्हणजे अडीच कळसूबाई एकावर एक ठेवल्या तर त्याहून थोडं वर. त्याचा जेमतेम एक तृतीयांश भाग आपल्याकडे, बाकीचा तिबेटात. ढग सरकला की पाण्याचा रंग बदलत होता आणि आम्ही सगळे काही न बोलता उभे होतो. काठाजवळ चक्रवाकांची एक जोडी पिल्लांना घेऊन पोहत होती. हेच पक्षी हिवाळ्यात आपल्याकडच्या तलावांवर उतरतात.

मुक्कामाच्या तंबूत फ्लश होता, गिझर होता. संध्याकाळी ड्रायव्हर आम्हाला त्याच्या नातेवाइकांच्या घरी चहाला घेऊन गेला. तिथला संडास बघून पुतणी आधी आतच जाईना. मातीची खोली, जमिनीत एक चौकोनी भोक, कोपऱ्यात मातीचा ढीग आणि एक फावडं. पाण्याचा थेंब लागत नाही. वर माती लोटायची, वर्षभराने तळमजल्यातून खत काढून जवाच्या शेतात टाकायचं. वास अजिबात नव्हता. घरातल्या आजींनी विचारलं की तुमच्या तंबूतलं पाणी कुठे जातं. आम्हाला सांगता आलं नाही. तेव्हा ड्रायव्हर म्हणाला, "यहाँ से पानी बाहर नहीं जाता."

हे वाक्य मी तेव्हापासून विसरलेले नाही, कारण ते शब्दशः खरं आहे. पँगाँगमधून एकही नदी बाहेर पडत नाही. ओढे आत येतात, पाणी उन्हाने उडून जातं, आणि जे विरघळलेलं असतं ते मागे उरतं. म्हणून तर ते पाणी मचूळ आहे. त्या काठावर आपण साबण, सांडपाणी, तेल, जे काही सोडू, ते धुऊन न्यायला पुढे कुणी नाही. २०२२ साली पर्यटकांनी पाण्यातून गाडी पळवल्याचा व्हिडिओ सगळीकडे फिरला, लोकांनी शिव्या घातल्या आणि विषय संपला. माझ्या मते ती गाडी हा सगळ्यात छोटा प्रश्न होता. प्रश्न त्या रस्त्याने रोज येणाऱ्या सगळ्याच गाड्यांचा आणि त्यातून उतरणाऱ्या आपल्यासारख्यांचा आहे. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या लडाखची लोकसंख्या पावणेतीन लाख होती, एकट्या ठाणे शहराची अठरा लाखांच्या वर. आणि २०२२ मध्ये लडाखला पाच लाखांहून जास्त पर्यटक गेले.

आता आमच्याकडचं तळं. मोरेन लेक, बॅन्फ नॅशनल पार्कमध्ये, कॅल्गरीपासून साधारण दोन-सव्वादोन तासांवर. उंची १,८८५ मीटर, कळसूबाईपेक्षा थोडी जास्त. म्हणजे डोकं दुखण्याची भीती नाही. हिमनदीने दळलेल्या दगडाचं पीठ पाण्यात तरंगतं, म्हणून ते असं गडद निळं-हिरवं दिसतं. पूर्वी कॅनडाच्या वीस डॉलरच्या नोटेवर ह्याच तळ्याचं चित्र असायचं. मी इथे नवीन होते तेव्हा उन्हाळ्यात तिथल्या पार्किंगसाठी लोक पहाटे तीन-चारला निघायचे. उजाडायच्या आत जागा भरायची आणि खालच्या नाक्यावर गाड्या परत पाठवायला माणसं उभी असायची. २०२३ पासून खासगी गाड्यांना तो रस्ता बंद झाला. आता खाली गाडी लावायची आणि बसने वर जायचं. काही जागा एप्रिलमध्ये सुटतात, बाकीच्या दोन दिवस आधी सकाळी आठ वाजता. आठ वाजून पाच मिनिटांनी गेलात तर बहुतेक वेळा काही मिळत नाही.

आई-बाबांसाठी मी दोनदा हुकले, तिसऱ्यांदा जागा मिळाल्या. बाबा सकाळी गाडीत म्हणत होते की घरची गाडी असून बसने कशाला. बसमध्ये मात्र ते खिडकीला नाक लावून बसले होते, कारण गेल्या चाळीस वर्षांत घाटात त्यांनी कधी दरी बघितलीच नव्हती, रस्ता बघितला होता. वर आईने दशम्या आणि लसणाची चटणी काढली. तिथे शांतता होती असं मी म्हणणार नाही. खडकांच्या ढिगावर चढायला रांग होती, प्रत्येक दगडावर कुणीतरी फोटो काढत होतं. पण हॉर्न नव्हता, धूर नव्हता, आणि आठशे मीटर चालून गेल्यावर आम्ही तिघंच होतो.

"तिकडे शिस्त आहे, आपल्याकडे हे जमणार नाही," असं आता कुणीतरी लिहील. मला हे वाक्य मान्य नाही, आणि इथे राहते म्हणून तर अजिबातच नाही. पहाटे तीनला पार्किंगसाठी धावणारी माणसं इथलीच होती. रस्त्याच्या कडेला वाटेल तशी गाडी लावणारीही इथलीच. रस्ता बंद झाला आणि बस आली, तेव्हा कुठे फरक पडला.

आणि हा विचार आपल्याला परदेशातून आणायची गरजच काय? आपण सगळे माथेरानला जात आलो आहोत. १८५० साली ठाण्याचा तेव्हाचा कलेक्टर मॅलेट तिथे पोचला, तेव्हापासून ते ठाणेकरांचं हक्काचं ठिकाण. कर्जत लोकल, नेरळ, दस्तुरी नाका. तिथे कितीही महागडी गाडी असली तरी ती थांबते आणि पुढे पाय, घोडा किंवा मिनी ट्रेन. दादा, तू स्वतः दस्तुरीला गाडी लावून सामान डोक्यावर घेऊन चाललायस आणि तुला कधी अपमान वाटला नाही. तलावपाळीला, उपवनला गणपती कृत्रिम तलावात विसर्जित करायला सुरुवात झाली तेव्हा आपल्याच गल्लीत केवढी नाराजी होती. आता आपणच त्या रांगेत उभे असतो.

पण माथेराननेच मला दुसरी गोष्टही शिकवली. तिथे गाडी नाही, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या माणसाने माणसाला ओढलं. लाल मातीच्या चढावर हातरिक्षा ओढणाऱ्याच्या पोटऱ्या मी लहानपणी मागे बसून बघितल्या आहेत. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा सहा महिन्यांत थांबवायला सांगितलं आणि ई-रिक्षा त्याच रिक्षावाल्यांच्या हाती द्यायचा मार्ग दाखवला. म्हणजे गाड्या बंद करणं एवढंच पुरेसं नाही. तो शेवटचा टप्पा कोण चालवतो आणि त्याचं पोट त्यावर नीट भरतं का, हे तितकंच महत्त्वाचं.

बॅन्फचं इथेच मला खटकतं. कॅल्गरीहून जाताना महामार्गावर मॉर्लीची पाटी लागते, ती स्टोनी नाकोडा लोकांची वस्ती. पार्क झाला आणि त्यांची शिकार, त्यांची वहिवाट त्यात बंद झाली. मोरेन लेकच्या मागे दहा शिखरं आहेत. १८९४ मध्ये सॅम्युअल ॲलनने त्यांना स्टोनी भाषेतल्या एक ते दहा अंकांची नावं दिली होती. पुढे बहुतेक शिखरांना दुसऱ्याच माणसांची नावं मिळाली. मूळच्या नावांपैकी तीन उरली आहेत. शेवटचं वेंकचेम्ना, म्हणजे दहा. मी बाबांना हे बसमध्ये सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मग बाकीचे अंक त्यांच्या पोरांना येतात ना अजून?"

म्हणून लेहच्या टॅक्सीवाल्यांचा नियम मला जास्त जवळचा वाटतो. इथे सरकारने रस्ता बंद केला. तिथे, तिथल्याच लोकांनी म्हटलं की आमच्या तळ्याकडे आम्ही नेऊ. लडाखला २०१९ मध्ये केंद्रशासित केलं, पण विधानसभा दिली नाही. तेव्हापासून तिथले लोक आपल्या जमिनीवर आणि नोकऱ्यांवर आपला शब्द चालावा म्हणून राज्यघटनेच्या सहाव्या अनुसूचीची, म्हणजे आदिवासी भागांना मिळणाऱ्या स्वायत्ततेची, मागणी करतायत. थंडीत पर्यटक जवळपास नाहीसे होतात. चार-पाच महिन्यांच्या हंगामात मिळणारं टॅक्सीचं भाडं हे तिथल्या कितीतरी घरांचं वर्षाचं उत्पन्न आहे. बाहेरच्या कंपनीच्या गाडीने गेलो तर ते भाडं चंदीगडला जातं.

दादाच्या बाजूने एक गोष्ट मात्र मी मोठ्याने म्हणेन. एकट्या बाईला किंवा दोघा विद्यार्थ्यांना अख्खी टॅक्सी करणं परवडत नाही, आणि सोबती शोधत बाजारात फिरावं लागतं. रस्त्यात गाडी अडवून हुज्जत घालणं हेही चुकीचंच. रोज सकाळी ठरलेल्या वेळी सुटणाऱ्या, सीटवर पैसे घेणाऱ्या भरपूर गाड्या हव्यात, तिथल्याच लोकांनी चालवलेल्या. आणि पुढचं पाऊल म्हणून, आज ज्यांना मोकळीक आहे त्या स्वतःच्या मालकीच्या गाड्यांनीही लेहलाच थांबावं असं मला वाटतं. मनालीहून किंवा श्रीनगरहून लेहपर्यंत हवी तेवढी गाडी चालवा. बारालाचा, तांगलांग ला, झोजी ला अशा खिंडी, हौस फिटेल इतका रस्ता आहे तो. शेवटचे दीडशे किलोमीटर दुसऱ्याच्या हाती द्या.

मी हे सगळं थोडक्यात दादाला फोनवर सांगितलं. माथेरानचा मुद्दा त्याला पटला, भाड्याचा नाही. "परत आलो की हिशोब दाखवतो तुला," म्हणाला. रात्री मात्र त्याचा मेसेज आला: आपल्या त्या ड्रायव्हरचा नंबर आहे का अजून? मी नंबर पाठवला, आणि वहिनीला वेगळं लिहिलं की लेहमध्ये पहिले दोन दिवस कुठेही जायचं नाही, आणि निघण्याआधी डॉक्टरांना उंचीच्या त्रासावरच्या गोळ्यांचं विचारून घे.