दवबिंदू डास मारण्याचे यंत्र नव्हे

दवबिंदू या कीटक खाणाऱ्या वनस्पतीबद्दल ‘उशाशी दवबिंदूची कुंडी ठेवा, रात्रीत शंभर डास फस्त, रस पाजा, दमा जातो, मात्र ही परदेशी वनस्पती उपाशी राहिली तर मुलांची बोटे धरते’ असा मजकूर सध्या फिरतो आहे. तो माझ्या थोरल्या बहिणीपर्यंत पोहोचला आणि तिने कोकणातल्या एका सड्यावरून, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावरून, सात रोपे मुळासकट उपटून आणली. आठवड्याच्या आत सातही काळी पडली, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

पानांवरच्या लालसर केसांच्या टोकांशी चिकट थेंब असतात आणि त्यांत चिलटे, मुंग्या, क्वचित एखादा डासही अडकतो, एवढे मान्य. पण सड्यावरचे हे रोप जेमतेम रुपयाच्या नाण्याएवढे पसरते, एक कीटक पचवायला त्याला काही दिवस लागतात, आणि डास आपल्या श्वासाच्या व घामाच्या मागावर येतो, कुंडीच्या नव्हे. मग शंभराचा आकडा आला कुठून? त्यातून ही वनस्पती वाढते ती सतत पाझरणाऱ्या, नत्र जवळजवळ नसलेल्या पातळ मातीत. घरातले खत आणि नळाचे क्षारयुक्त पाणी तिला मारते. ती वर्षायूही आहे: पावसात उगवते, बी धरते आणि सडा सुकला की संपते. फुलण्याआधी उपटलेल्या रोपाबरोबर पुढच्या पावसाळ्याची रोपेही गेली, हे मजकूर लिहिणाऱ्याच्या गावीही नाही.

बोटांची भीती निराधार आहे. चार्ल्स डार्विनने १८७५ मध्ये कीटकभक्षी वनस्पतींवर अख्खा ग्रंथ लिहिला. पुढे त्याच्या मुलाने, फ्रान्सिसने, दवबिंदूच्या युरोपातील भावंडाची काही रोपे भाजलेल्या मांसाच्या बारीक कणांवर वाढवली, काही उपाशी ठेवली आणि १८७८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. उपाशी रोपेही जगली. खाऊ घातलेल्यांना मात्र कितीतरी जास्त बी आले. कीटक हवेत ते त्यासाठी.

परदेशी म्हणाल, तर दवबिंदू आणि तिच्याच कुळातली गवती दवबिंदू, दोन्ही कासच्या पठारावर आपसूक उगवतात.

युरोपात या कुळातल्या एका वनस्पतीचा अर्क खोकल्यावर पूर्वीपासून दिला जातो, हे अर्धसत्य नाइलाजाने मान्य करते. त्यावरून दमा बरा होतो असे ठरत नाही, आणि मुलाचा श्वासाचा पंप थांबवून त्याला हा रस पाजणे जिवावर बेतू शकते. ज्यांनी तो मजकूर पुढे पाठवला, त्यांनी निदान एवढा परिच्छेद तरी त्याच गटांत पाठवावा.